अंगणातल्या नळाची पकड

ती. अल्बिनाताई,

धाकट्या भावाचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे, डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस का आणि फीनिक्सच्या उन्हात टोपी न घालता हिंडायचा हट्ट सोडलास की नाही, ही तिन्ही उत्तरं उलट टपाली पाठव. इकडे आम्ही बरे आहोत. वारा तसाच आहे. गेल्या मंगळवारी त्याने शेजारच्या खुराड्याचं छप्पर आमच्या मक्याच्या शेतात आणून टाकलं आणि परत न्यायचं काही नाव घेत नाही. जॉर्जीनने तुला आठवण सांगितली आहे. (सांगितलेली नाही. ती आत कोलाचे, आपले खसखस भरलेले गोड पाव, भाजतेय. पण विचारलं असतं तर नक्की सांगितली असती.)

आता मुद्दा. अंगणातल्या नळाची पकड गेली. तुला आठवत असेल, त्या नळाचा उचलायचा दांडा मोडला तेव्हा उरलेल्या थोटकाला मी तुमच्या कारखान्यातली, दाबली की आवळून बसणारी लॉकची पकड लावली होती, नवीन दांडा मिळेपर्यंत तात्पुरती. त्या तात्पुरत्याला यंदा सव्वीस हिवाळे झाले. एकदा चावली की चावली, हलायचं नाव नाही. आणि का हलेल? ती तुझ्या हाताखालून गेलेली होती. एकतीस वर्षं शेवटच्या तपासणीच्या टेबलाशी बसून तू प्रत्येक पकड लावलीस, सोडलीस, खटक्याचा आवाज ऐकलास आणि आवाज आवडला नाही की बादलीत टाकलीस. (घरी आलीस की आमच्या कपाटांची दारंही तशीच उघडमीट करून बघायचीस. जॉर्जीन तेव्हा काही बोलली नाही, पण ते तिच्या लक्षात आहे.)

मार्चमध्ये जॉर्जीन नळ उघडायला गेली आणि पकड तिच्या हातात आली. दात पार झिजले होते, बिचारीचे. तुला माहीत आहेच, मागच्या शरदात चर्चच्या पायरीवर पडून जॉर्जीनचं मनगट मोडलं, तेव्हापासून तिला जोर लावायला नको. त्या पकडीने तिला दोन बोटांनी नळ उचलता यायचा. ती आत आली, पकड टेबलावर ठेवली आणि म्हणाली, “लुमीर, यंदा बाग राहू दे.” एक्कावन्न वर्षांच्या संसारात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. गारपीट झाली त्या वर्षी म्हणाली नाही, टोळ आले तेव्हा म्हणाली नाही. या दिवसांत आमच्या खिडकीत टोमॅटोची रोपं दाटीवाटीने उभी असतात. यंदा खिडकी रिकामी आहे, ताई, आणि मला तिच्याकडे बघवत नाही.

मग मी निघालो पकड शोधायला. तुमची जुनी बनावट तर कारखाना बंद पडला तेव्हाच संपली. गावातल्या दुकानातून आणलेली पहिली पकड तिसऱ्या दिवशी घसरली. (दुकानदार म्हणाला की नळाला लावायचा अख्खा नवा दांडा मिळतो. मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. माणूस कसं दुकान चालवतो कोण जाणे.) दुसरी टपालाने मागवली. तिने सुटताना माझ्या तळव्याची कातडी अशी धरली की मला आपल्या आजीचे चेक भाषेतले ठेवणीतले शब्द आठवले. तिसरीबरोबर अकरा भाषांतल्या सूचना होत्या. चेकमधल्या मी तिला मोठ्याने वाचूनही दाखवल्या, पण काही फरक पडला नाही. ती नीट लागते का बघावी म्हणून जेवणाच्या टेबलाच्या कडेला लावली, ती अजून तिथेच आहे. सोडायचा खटका दाबला की टेबलच उचललं जातं. जॉर्जीन तिच्यावर आता भांडी पुसायचं फडकं वाळत घालते.

अशा आठ झाल्या. तेवढ्यात एर्विन झायीचेकच्या सामानाचा लिलाव निघाला. एर्विन जानेवारीत गेला हे तुला कळवलं होतंच. मी सकाळी सातलाच जाऊन उभा राहिलो. त्याची सगळी हत्यारं गवताच्या गाडीवर मांडली होती आणि एका खोक्यात, गंजक्या पान्यांच्या खाली, तुमच्या वेळची पकड होती, दांड्यावर आपल्या गावाचं नाव कोरलेली. लावून बघितली, सोडून बघितली. काय आवाज होता, ताई! डोळ्यांत पाणी आलं. (वारा फार होता.) ती खोक्यात खाली सरकवली, वर पाने पसरले आणि तोंडावर शक्य तितका कंटाळा आणून उभा राहिलो.

एवढ्यात एर्विनची लिओना आली. एकटीच होती आणि नवऱ्याचं सामान उघड्यावर मांडलेलं बघून ती गाडीच्या चाकाला टेकली. तिच्या हातात चर्चच्या जेवणासाठी केलेला केक होता, चेरीचा. एका हातात मी तो घेतला, दुसऱ्या हाताने तिला धरलं. लिलाववाला नेमका तेव्हाच त्या खोक्यापाशी आला. माझे दोन्ही हात अडकलेले, म्हणून मी हनुवटीने बोली दिली. दोन डॉलर. आणि त्यावर कुणी बोलीच चढवेना. आपल्याकडची रीत तुला माहीत आहे: घरच्या माणसाने बोली दिली की त्यावर कुणी चढत नाही. मी विधवेला धरून उभा! सगळ्यांना वाटलं, मी लिओनासाठीच घेतोय. जी माणसं या पकडीसाठी मला गाडीखाली घालायला कमी करणार नाहीत त्यांनी टोप्या काढल्या आणि ती जमिनीकडे बघत राहिली. तीन वेळा विचारून खोकं मला मिळालं.

मला झाला प्रकार उमगेपर्यंत लिओनाने पकड खोक्यातून उचलली होती. छातीशी धरली आणि म्हणाली, “ही रोज त्याच्या खिशात असायची, लुमीर. परक्याकडे गेली असती तर मला सोसलं नसतं. तुला कसं कळलं?”

काय सांगणार? म्हटलं, “कळतं.” पकड तिच्याबरोबर घरी गेली.

रविवारी चर्चमध्ये फादरनी शेजारधर्मावर प्रवचन केलं आणि दोनदा माझ्याकडे बघितलं. जॉर्जीनने माझा हात दाबला. इतका लाजलेला मी आयुष्यात कधी नव्हतो. खरं काय ते फक्त तुला सांगतोय. पत्र फाडून टाक. जीवाला जप.

तुझा,
लुमीर

ता. क. तुझ्या दिवाणखान्यात भिंतीवर कारखान्याच्या शेवटच्या दिवसाची पकड चौकटीत लावली आहे ना? मागायला लाज वाटते. तुझ्यासाठी ती काय आहे हे मला माहीत आहे. फक्त उन्हाळ्यापुरती दे. मेच्या मध्यापर्यंत रोपं लावली नाहीत तर हंगाम गेला. आज तिने बाग सोडली, उद्या आणखी काही सोडेल, असं मनात येतं. मला भीती वाटते, ताई.

ता. क. २. काच फोडू नकोस. चौकटीला मागून चार स्क्रू असतात.

*

अल्बिनाताई,

पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. माझं मनगट आता बरं आहे. काल काकडीच्या लोणच्याची बरणी मीच उघडली, तो बघत नसताना. बाग मी पकडीसाठी सोडली नाही. मी वाफ्याकडे निघाले की नळ उचलून द्यायला हा मागोमाग येतो, आणि मागच्या शरदापासून तिथे दोनदा पडला आहे. दोन्ही वेळा म्हणाला की पाइप तपासतोय. बाग नसली तर घरात बसेल असं वाटलं होतं. तो तीन तालुके फिरला.

तेव्हा पकड पाठवाच. सोबत कारखान्याच्या भाषेत दोन ओळी लिहा, की ही खुर्चीत बसूनच लावायची असते आणि लावणाऱ्याने नंतर उन्हाळाभर तिथेच बसून तिच्यावर लक्ष ठेवायचं असतं. माझं तो ऐकत नाही, तुमचं ऐकेल.

टोमॅटोची रोपं मला काही राहवलं नाही म्हणून केली आहेत. तळघरात दिव्याखाली वीतभर झाली. मागच्या वर्षीपर्यंत तो दिवसातून दहादा तळघरात उतरायचा. यंदा त्याला ती अजून दिसलेली नाहीत.

जॉर्जीन