मालेगावची रिकामी ओटी

सोमवार, ७ ऑक्टोबर २००२

नात मोहिनी तोंड पाडून आली. रक्तपेढीत कॉम्प्युटरवर हाय ती. रक्त देणाऱ्यांच्या चार तालुक्यांच्या याद्या जुन्या मशीनमधून नव्यात न्यायच्या. चारी कामं एकदम सोडते, ती मागच्या मागं चालतात म्हणे. आणि ती चालू असतानाच खालच्या ओळीतला हुकूम सुटतो — जुनं पुस! आज खोट्या याद्यांवर करून बघितलं म्हणून वाचली.

म्हटलं, "सगळ्या बाया बांधावर आल्याशिवाय मी झेंडूचा टेम्पो हलवते का?"

"आजी, त्याला शब्द आहे — वेट! लिहिला की मशीन थांबतं."

एवढं शिकून मला विचारायचं!

मंगळवार, ८

दसरा तोंडावर आणि तोडणीची शकुबाई पदराच्या ओटीत अर्धीच फुलं घेऊन आली. ओटी झाडून दाखवायला लावली, परत वाफ्यात पाठवली.

गुरुवार, १०

अरे देवा! आज खऱ्या याद्या नेल्या. वेट म्हटल्यावर मशीन थांबलं. चारी कामं परतली. मग जुनं पुसलं. आणि मालेगावचं काम रिकाम्या हातानं आलेलं! सहाशे नावं गेली. तिकडं कोणाला रक्त लागलं तर कोणाच्या दारात जायचं?

"काय आणलंस, विचारलं नाय त्याला?"

"नुसत्या वेटला सगळे आले एवढंच कळतं, आजी. एकेका कामाचा नंबर घेऊन थांबले असते, तर काम फसलं ते कळलं असतं."

म्हणजे नावानं हाक मार, ओटी बघ. तीस वर्षं बांधावर तेच करते मी. सोमवारी सांगायचं सुचलंच नाय! रोजचं कोण सांगतं?

शुक्रवार, ११

साहेबानं सुनीलला काढलं! मोहिनीच्या शेजारी बसतो तो. मशीन त्याच्या ताब्यात, म्हणून. दोन लेकरांचा बाप.

"आणि तू?"

"मी काय बोलणार?"

माझी नात! माझी भाकर तशीच ताटात ठेवली. तिनं मात्र दोन खाल्ल्या.

शनिवार, १२

बांधावर ओट्या बघत होते. शकुबाईच्या मागं — मोहिनी! कामाच्या दिवशी! हाक मारली नव्हती, तरी पुढं आली. ओढणीची ओटी केलेली, पार रिकामी.

म्हणाली, "साहेबांना खरं सांगून आले. सुनीलदादा सोमवारपासून परत."

"आणि तू?"

"कुठल्या वाफ्यापासून तोडू?"