मूलद्रव्यांचा तंबोला

२६ नोव्हेंबर
मुख्याध्यापिका कारानांतेबाईंनी केबिनमध्ये बोलावलं. बसा म्हणाल्या नाहीत, तेव्हाच ओळखलं. म्हणे, ही हॉटेलच्या धंद्याची शाळा आहे प्रोफेसर, इथे पोरं कणीक मळायला येतात. तुमच्या लॅबमध्ये येऊन नेमकं काय शिकतात? वीस डिसेंबरला स्वतः येऊन मूलद्रव्यं विचारणार. पोरांना आली नाहीत, तर लॅब बेकरीवाल्यांना आणि मी ग्रंथालयात. आमचं ग्रंथालय म्हणजे दोन कपाटं आणि एक गळका नळ.
घाबरलो नाही. बाहेर पडताना ढकलायचं दार ओढत राहिलो ते कॉफीमुळे.

२७ नोव्हेंबर, सकाळी, दाढी करताना
सुचलं! तंबोला! नाताळ आला की नेपल्समध्ये घरोघरी तंबोला. त्यात आकडे नव्वद. पहिली नव्वद मूलद्रव्यं घ्यायची, ज्याचा जो अणुक्रमांक तोच त्याचा आकडा. खेळता खेळता केमिस्ट्री. हे आजवर कुणाला सुचलं कसं नाही? गाल कापला. पर्वा नाही.

३० नोव्हेंबर
एकच अडचण. आमच्याकडे तंबोल्याच्या प्रत्येक आकड्याला पिढीजात अर्थ चिकटलेला आहे. सत्तेचाळीस म्हणजे प्रेत, एकोणऐंशी म्हणजे चोर, सोळा म्हणजे ढुंगण. शाळेचं तोंड न पाहिलेल्यालाही हे पाठ. म्हणून वर्गात कडक नियम: आकडे झाकायला प्रत्येकाला घेवड्याचे दाणे मिळतील, आणि जुना अर्थ उच्चारला की दाणे जप्त.
आईला सांगितलं. ती म्हणाली, आर्तूरो, सोळाला गंधक म्हणायचं? मग पोरांनी हसायचं कशाला? आईला विज्ञानाची ओढ नाही.

३ डिसेंबर
पहिला डाव. आकड्यांच्या टोपलीत हात घातला, पहिलाच आकडा सोळा. सगळा वर्ग जुना अर्थ ओरडला आणि हसून कोसळला. शेवटच्या बाकावरचा काताल्दो तर खालीच पडला, माझ्या मते मुद्दाम. नियमाप्रमाणे जप्ती केली. तास संपेपर्यंत सगळे दाणे माझ्या खिशात आणि खेळायला कोणाकडे काहीच नाही. शिस्तीचा विजय.

४ डिसेंबर
नियम मागे घेतला. पूर्ण विचारांती. स्मरणशक्ती जोड्यांवर चालते. एकोणऐंशी म्हणजे सोनं, एकोणऐंशी म्हणजे चोर. सोनं असेल तिथे चोर येणारच. गंधकाचा वास आणि सोळा आकडा, हे तर समजावूनही सांगावं लागलं नाही. पहिल्या बाकावर फिलोमेना बसते, गेल्या वर्षी नापास झालेली. तिने विचारलं, सर, पन्नास म्हणजे पाव आणि पन्नास म्हणजे कथील, ह्यांचं काय नातं? म्हटलं, पावाचा डबा कथलाचा असतो. ती म्हणाली, फारच ओढूनताणून आहे सर.
ही मुलगी प्रश्न जरा जास्तच विचारते.

९ डिसेंबर
संकल्प: रोज संध्याकाळी घरी सराव. आई आकडा काढणार, मी मूलद्रव्य सांगणार.
सुरुवात उत्तम झाली. मग शेजारीण आली, तिचा नवरा आला, बटाटे घातलेला पास्ता आला. चारचौघांत लुटेशियम-बिटेशियम बरं दिसत नाही, म्हणून पाहुण्यांपुरते जुनेच अर्थ. दोन डाव जिंकलो. उद्यापासून गंभीरपणे.

१२ डिसेंबर
आजही पाहुणे. तीन डाव जिंकलो. उद्यापासून नक्की.

१३ डिसेंबर
लेखी चाचणी. एकोणऐंशी: चोर. सत्तेचाळीस: प्रेत. काताल्दोने सोळाचं चित्र काढलं. चित्र बरं होतं. निकाल निराशाजनक म्हणता येणार नाही, पोरं अजून जेवली नव्हती.
सुटल्यावर फिलोमेना थांबली. म्हणाली, सर, लॅब खरंच जाणार? म्हटलं, छे, सगळं कंट्रोलमध्ये आहे. ती म्हणाली, कणीक तर मी घरी पण मळते. इथे क्षार टाकला की ज्योतीचा रंग बदलतो ना, तेवढा वेळ मला घर आठवत नाही. जोरात खाकरलो आणि तिला खडू आणायला पाठवलं.

१८ डिसेंबर
मधल्या सुट्टीत लॅबमध्ये डोकावलो. सगळी पोरं घोळका करून काहीतरी पुटपुटत होती, मला पाहताच चिडीचूप. धाक बसला आहे. बाईंसमोर करायचं छोटंसं भाषण लिहायला घेतलं. चार पानं झाली.

२० डिसेंबर
बाई आल्या. टोपली स्वतःकडे घेतली. एकोणऐंशी? फिलोमेना: सोनं. सोळा? काताल्दो, चेहऱ्यावरची रेष न हलवता: गंधक. पन्नास, कथील. सत्तेचाळीस, चांदी. एकही चूक नाही! बाईंच्या भुवया वर. माझी छाती फुगली. इथे गप्प बसायला हवं होतं.
मी म्हणालो, मॅडम, हवं तर मलाही विचारा. आमच्याकडे हे रक्तातच भिनलंय.
बाईंनी आकडा काढला. एकाहत्तर.
मी खणखणीत आवाजात म्हणालो: ओवाळून टाकलेला माणूस!
तोच त्याचा जुना अर्थ. खाली पडायला काताल्दोला इतकं चांगलं निमित्त कधी मिळालं नसेल, पण तो पडला नाही. कोणीच हसलं नाही. फिलोमेना ओठांतल्या ओठांत लुटेशियम, लुटेशियम म्हणत होती. मला दिसत होतं, पण तोंडातून निघून गेलं होतं. भाषण खिशातच राहिलं.

२१ डिसेंबर
लॅब वाचली. पोरांमुळे. मधल्या सुट्टीत ती पुटपुटत होती ती मूलद्रव्यं. हे मला आज शिपायाने सांगितलं. बाई म्हणाल्या, पोरं पास आहेत, लॅब राहील, फक्त नाताळच्या सुट्टीनंतर तुमची परीक्षा होईल. आणि ती फिलोमेना घेईल.
आनंद झाला. लाजही वाटली, बरीच.
फिलोमेनाने आजच शिकवणी सुरू केली. पहिली दहाच मूलद्रव्यं. नऊपर्यंत धडाधड आली. दहाला निऑन म्हणायच्या ऐवजी मी जुना अर्थच म्हणालो, घेवडा. तिने माझ्यापुढचे दाणे उचलून स्वतःच्या खिशात टाकले आणि म्हणाली, हरकत नाही सर, पुन्हा हायड्रोजनपासून.