उपेंद्रमामाचे रबरी मोजे

सुधाताई,

मी सरांबरोबर धरणावर पोहायला गेलेय. उपेंद्रमामाचे ते पाणबुड्यांचे रबरी मोजे मीच घेतलेत, शोधत बसू नकोस. आईने थंडी लागू नये म्हणून काढून ठेवलेलं तेल मात्र पायांना लावलं नाही, तेलावरून मोजे निसटतात. आणि खोबरेल तर बाटलीतच गोठलंय.

यंदा शर्यतीत जिल्ह्यात पहिली येणार, लिहून ठेव. पण गेल्या रविवारी मधोमध गेल्यावर पाय इतके बधिर झाले की हलतायत की नाही तेच कळेना. बाहेर येऊन सरांसमोर हसले. आईला यातलं बोलू नकोस, नाहीतर माझं पोहणंच बंद. आज मोजे आहेत, तरी तू जवळ हवीस.

सायकल काढून येशील? नुसती काठावर उभी राहा. तू दिसेपर्यंत मी मोजेच चढवत बसेन.

वैजू