वन्संना, दोरीच्या गाठीबद्दल

तीर्थस्वरूप वन्संच्या चरणी धाकट्या भावजयीचा डोके टेकवून नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? तेल चोळायचा कंटाळा करत नाही ना? (आमच्याकडे सध्या गुडघ्यांना फार भाव आला आहे, म्हणून आधी त्यांची चौकशी.) इकडे सर्व खुशाल आहे असे लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते.

तुमच्या कानावर आलेच असेल की आम्ही उभयता पुढच्या महिन्यात परदेशी निघालो आहोत. बागा आणि राजवाडे बघायला नव्हे, बर्फाच्या नदीवर चालायला. तिला नदी म्हणायचे एवढेच. सगळा डोंगरावरून उतरलेला बर्फ, आणि त्याला मधूनमधून भेगा, नवराबायको सामानासकट मावतील एवढ्या. हे सगळे माझ्या जिभेने केले. दुधाचे खाडे मांडते त्या कॅलेंडरवर हा बर्फ छापलेला होता. पान उलटताना मी बोलून गेले, "काय सुंदर आहे हो, एकदा जायला हवं इथे." कॅलेंडरपुढे माणूस असे म्हणतोच. आदल्या महिन्याच्या उंटालाही मी हेच म्हटले होते. पण तुमच्या बंधूंनी ते मनावर घेतले. लग्नाला तीस वर्षे झाली म्हणून गुपचूप दोन जागा ठरवल्या आणि कागद माझ्या हातात ठेवला. (भरलेली रक्कम परत मिळणार नाही, हे त्यात तीनदा छापले आहे.) मी देवापुढे जाऊन डोळे मिटून बसले. ह्यांना वाटले, आनंदाने.

आता जन्मभर नकाशे काढण्याच्या कचेरीत मान मोडून काम केलेला माणूस एवढ्या हौसेने काही करतो, त्याचे मन कसे मोडायचे? म्हणून मी उत्साह दाखवायला लागले. तो जरा जास्तच दाखवला गेला.

बुटांचेच पाहा. दुकानदार म्हणाला, नवे बूट दोन महिने पायात मुरवा, नाहीतर बर्फात सोलून निघाल. पण डांबरावर झिजवायला ते काय फुकट आले आहेत? मी तळवे साबणाने घासले आणि घरातच घालून वावरू लागले. केर काढणे, भांडी, धुणे, सगळे बुटांत. देवघराच्या उंबऱ्याशी मात्र काढायचे, आणि एकेका बुटाला अठरा भोके! नाड्या सोडून, पूजा करून, परत ओवून होईतो देवाचीही झोपायची वेळ होते. परवा खालच्या मजल्यावरची बाई वर आली आणि विचारू लागली, "घोडा पाळलाय का हो?" मी बूट पदराखाली लपवत "छे, छे" म्हटले.

तरी बूट परवडले, वन्सं. खरी धास्ती दोरीची आहे. सहल नेणारा दाढीवाला सांगतो की बर्फावर सगळ्यांना कमरेशी एकाच दोरीने बांधतात. एक घसरला की दुसऱ्याने तिथल्या तिथे बसकण मारून त्याला तोलून धरायचे. हे चौऱ्याहत्तर किलो, मी एकोणपन्नास. (बुटांसकट एक्कावन्न.) मी वहीत आडवे उभे मांडून पाहिले, मेळ बसत नाही. दाढीवाल्याला विचारले तर म्हणतो, "काकू, विश्वास ठेवायचा." विश्वास मी देवावर ठेवते, पण देव काही त्या दोरीला बांधलेला नसणार.

सराव म्हणून रोज सकाळी सात ते आठ आम्ही कपडे वाळत घालायच्या दोरीने एकमेकांना बांधून घरात वावरतो. हे वर्तमानपत्र आणायला दाराशी गेले की मी गॅसपासून ओढली जाते. मी उतू जाणाऱ्या दुधाकडे धावले की हे अर्ध्या दाढीनिशी मागे येतात. आणि आता जे लिहिते ते फक्त तुम्हाला. ह्यांच्या कमरेची गाठ हे बांधतात, माझी मी. माझी सुरगाठ असते. टोक ओढले की सुटते. मंगळवारी हे न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर घसरले. मी बसकण मारायची ती मारली नाही, टोक ओढले. हे एकटेच दणकन बसले आणि बसल्या बसल्या म्हणतात कसे, "बरं झालं तुझी गाठ सुटली, नाहीतर तुलाही लागलं असतं." त्या दिवशी मला देवापुढे वर बघवेना.

आणखी काय लिहू? तब्येतीला जपा. तेल चोळा.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. हे जगात फक्त तुमचे ऐकतात. तेव्हा एवढे करा: मोठी बहीण म्हणून खडसावून लिहा की या वयात असले धाडस चालायचे नाही. माझे नाव मात्र कुठे येऊ देऊ नका.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवण्याआधी सामानाचे वजन करत होते. ह्यांचे जाकीट जड लागले म्हणून खिसे रिकामे केले, तर आत तुमच्याच पत्त्याचे बंद पाकीट! देवाची क्षमा मागितली आणि वाफेवर उघडले. ह्यांचेच अक्षर. "ताई, मला उंचीवर चक्कर येते हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. पण हिची फार इच्छा. बिचारी दिवसभर बूट घालून फिरते. माझ्याने नाही म्हणवत नाही. तूच काहीतरी करून मना कर. माझं नाव सांगू नकोस." वन्सं, मी बुटांसकट मटकन खाली बसले. हा माणूस भीतीने अर्धा झाला आहे, आणि माझ्यासाठी बर्फावर निघाला आहे! आता तुम्ही काही लिहू नका. आम्ही जाणार. ह्यांचे पत्रही याच पाकिटात घातले आहे, जपून ठेवा, परत आल्यावर मागून घेईन. जमल्यास तुमचे लोकरी मोजे तेवढे पाठवा. नव्वद ग्रॅमपर्यंत जागा आहे.

ता. क. तिसरा. आज सकाळी माझ्या बाजूला निरगाठ मारली, चांगली दोनदा, दाताने आवळून. आता नऊ वाजले तरी ती सुटत नाही, आणि दोरी कापू म्हटले तर हे म्हणतात, चांगली दोरी आहे. टपाल दहाला निघते. तेव्हा हे पत्र टाकायला आम्ही दोघेही तसेच निघालो आहोत. ह्यांना पत्ता दिसू नये म्हणून पाकीट पालथे धरले आहे.