रिकाम्या पेशींवरची पट्टी

४ मार्च

ती. मामांस ठकूचा सा. न. वि. वि.

वजनकाटा दुरुस्त केला की तुम्ही आधी रिकामं पारडं बघता, तसं तुझ्या कामात कोण बघतं, असं तुम्ही मागे विचारलं होतंत. मी हसले होते.

अँटिबॉडी हजारो प्रथिनांतून एकच हेरून त्याला चिकटते. मी अभ्यासते ते प्रथिन पेशीला आलेले निरोप पुढे जाऊ द्यायचे की अडवायचे, ते ठरवतं. ते असलं की अँटिबॉडी त्याला चिकटते आणि फिल्मवर काळी पट्टी उमटते. त्याच पट्टीवर माझी तीन वर्षं उभी आहेत. अँटिबॉडीची बाटली लॅबमधल्या आमच्या आधीच्या ताईंनी दिलेली, त्यांना त्यांच्या वरच्यांनी. म्हणून कुणी तपासलीच नाही. काल तुमचं रिकामं पारडं आठवलं, म्हणून ते प्रथिन मुळातच नसलेल्या पेशी लावून पाहिल्या. पट्टी आली, तितकीच ठळक. म्हणजे अँटिबॉडी भलत्यालाच चिकटतेय.

शोधनिबंध सोमवारी जायचाय. हे अजून कुणालाच ठाऊक नाही. काय करू?

मामींना नमस्कार. माया असू द्यावी.

तुमची ठकू

७ मार्च

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

पत्र मामीला वाचून दाखवलं. पोरीचं सुरळीत चाललेलं, त्यात तुम्ही बिब्बा घातलात, म्हणाली. तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलते.

मला प्रथिनातलं ओ की ठो कळत नाही. पण एकदा मी ज्याने काटे तपासतो ते वजनच झिजलेलं निघालं. चाळीस दुकानांत परत गेलो. काहींनी चहा पाजला, दोघांनी हाकललं. एका दवाखान्यात त्याच वजनाने तपासलेल्या काट्यावर तान्ही बाळं ठेवत. तिथे लाजेपायी सगळ्यांत शेवटी गेलो, ते अजून खुपतं.

सांगायचं की नाही, ते तू ठरव. सांगणार असलीस, तर आधी कुणाकडे जायचं तेवढं बघ. जेवत जा. आमचा जीव तुझ्यापाशीच असतो.

तुझा मामा

१२ मार्च

ती. मामांस सा. न. वि. वि.

निबंध थांबला. माझं पीएचडीचं एक वर्ष वाढलं. लॅबच्या प्रमुख मॅडमनी ऐकून घेतलं आणि जाताना दार लावून घ्यायला सांगितलं.

पण त्यांच्याकडे मी नंतर गेले. आधी गेले ती शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या आमच्या लंबूकडे. त्याची अँटिबॉडी वेगळी. मी वापरते त्याच पेशींत त्याला ते प्रथिन दोन वर्षं दिसतच नव्हतं. सगळे त्याच्या हाताला नावं ठेवायचे, त्यात मी पुढे. त्याच्यासमोर फिल्म ठेवली. त्याने ती दोनदा उजेडात धरली. मग म्हणाला, काम सोडत असल्याचा अर्ज सकाळीच खाली ऑफिसात देऊन आलोय.

तो परत मागायला आम्ही दोघं जिना उतरलो.

मामींचा रुसवा माझ्या वतीने काढावा, आणि लोभ आहे तसाच राहू द्यावा.

तुमची ठकू