कुंपणात सापडलेला ट्रान्सफॉर्मर

हितेंद्रभाऊ,

माझ्या टेबलावरचा ट्रान्सफॉर्मर तू नेलास का, हे विचारत नाहीये. तो मला सकाळी शेतात सापडला, तुझ्या घरगुती झटका मशीनच्या डब्यात, इन्व्हर्टरच्या सर्किटमधून बॅटरीला उलटा जोडलेला, बाराचे दोनशे व्होल्ट करायला.

सिंथेसायझरच्या पॉवर सप्लायसाठी तो मी मुद्दाम वाइंडिंग करून घेतला होता. अधिक बारा, उणे बारा व्होल्ट, आणि आवाजात जराही गुणगुण नको, म्हणून दोन महिने डोकं घातलं. तुझ्या लेखी तो भोंगा वाजवायचा पोरखेळ. असू दे.

पण दुकानातलं झटका मशीन क्षणभर झटका देतं आणि सोडतं. तुझं सोडतच नाही. मीटर लावला तर कुंपणाच्या तारेत दोनशेच्या वर व्होल्ट होते. केळीत डुकरं शिरतात, ते मलाही कळतं. फाटकाची कडी त्याच तारेला टेकते, हे तुला कळलं नाही?

बॅटरी काढलीय, वायरी तोडल्यात. ट्रान्सफॉर्मर घेऊन मी जळगावला चाललेय. माझ्या टेबलाला पुन्हा हात लावू नकोस.

वहिनीला काही बोलले नाही. आबांना तूच सांगायचं, आज, जेवायला बसायच्या आधी. मी शेवटची वायर तोडत होते तेव्हा ते ड्रिप सुरू करायला आले. चपला बांधावर काढून, ओल्या मातीतून अनवाणी. कडीकडे हात नेत म्हणाले, "सरक वं पोरी, मी उघडतो."

मोहिनी