मध्यस्थीत मिळालेलं करडू

जुळे सोलापूर

राजमान्य शेजारी बापूसाहेब यांस भीमाशंकरचा वरच्या मजल्यावरून नमस्कार.

गुडघे कसे आहेत? दुधनीची हवा मानवली का? लेकीच्या हातची भाकरी खाऊन सुखात असाल. असा, पण फार असू नका. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तुम्ही 'बरंय' म्हणून मोकळे होता. खालचा फ्लॅट भाड्यानं देऊन कायमचं तिकडंच राहणार म्हणे. (हे मला वॉचमनकडून कळावं, यावर मी काही बोलत नाही.)

तुम्ही गेल्यापासून गाडी कुठंही लावावी, पाण्याची मोटर कधीही सुरू करावी, कुणी हूं की चूं करत नाही. घर खायला उठतं. म्हणून निवृत्त मास्तर करतात ते मीही केलं, समाजसेवा. कोर्टाची पायरी न चढता वाद कसा मिटवावा, म्हणजे मध्यस्थी कशी असते, हे लोकांना समजावून द्यायला जवळच्या कुंभारी गावात शिबिर घेतलं. देवळापुढं मंडप, माईक, शहरातून आलेल्या मध्यस्थ वकीलबाई, सगळं जमलं. फक्त भांडण मिळेना. प्रात्यक्षिकाला दोघं लुटूपुटीचं भांडणारे हवे होते. गावातल्या सयाजी नावाच्या पोराला उभं केलं, समोर गावचाच भिमा. सयाजीनं हातच जोडले, "मामा हाय की त्यो माजा, कसं भांडू?" दुसरी जोडी व्याह्यांची निघाली. (त्यांचं खरंच भांडण होतं, म्हणून ते एकमेकांशी बोलेचनात.) शेवटी मीच पक्षकार झालो. समोर शेळ्या राखणाऱ्या बजाबाई. माझी खोटी तक्रार अशी की, यांच्या शेळ्यांनी माझी तूर खाल्ली. तुम्ही असता तर मुळात तूर होती कशावरून, इथून सुरुवात करून दुपार केली असती. बजाबाई म्हणाल्या, "खाल्ली असंल की गुरुजी. मुकं जनावर. येक करडू घ्या न् मिटवा." वकीलबाई अजून चष्मा पुसत होत्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मला, खरं सांगतो, भरून आलं. मनासारखं भांडायलाही हक्काचं माणूस लागतं, बापूसाहेब. ते माझ्याकडं उरलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी बजाबाई रिक्षातून करडू घेऊन दारात हजर. मला शेत नाही, तूर नाही, ते सगळं नाटक होतं, असं परोपरीनं सांगितलं. "देवाम्होरं शबुद दिलाय मी," म्हणाल्या, आणि चहा पिऊन गेल्या.

लेकीला आशीर्वाद. गुडघ्यांना तेल लावत जा.

तुमचा,
भीमाशंकर

ता. क. : तुमचा फ्लॅट बघायला एक जोडपं आलं होतं. फार भली माणसं. गाडीवरून कधी एक अवाक्षर बोलली नसती. म्हणून मी त्यांना, इथं पाणीच चढत नाही, असं सांगून वाटेला लावलं.

पुन्हा ता. क. : करडू कुठं ठेवलं, हे तुम्ही विचारालच. तुमची किल्ली माझ्याकडं आहे. गॅलरीतली जास्वंद संपली, सध्या आरामखुर्चीचा वेत चघळणं चालू आहे. मी भरपाई देणार नाही, माफीही मागणार नाही, आणि मध्यस्थ तर मुळीच चालणार नाही. तुम्ही स्वतः या.